अर्ध्या स्वेटरांचे गणित

घरातल्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा एकदा उघडून पाहा. जुन्या पिशवीत, सुयांसकट गुंडाळून ठेवलेला एखादा अर्धा स्वेटर तिथे सापडण्याचा संभव आहे. पाठ पुरी झालेली, पुढचा भाग बगलेपर्यंत आलेला, बाह्यांचा पत्ता नाही. शेजारी एकाच पायाचा बूटमोजा आणि चार बोटे लांबीचा मफलर. काही घरांत अशी पाच-सहा कामे सुखाने नांदत असतात. आईला किंवा आजीला विचारलेत तर उत्तर ठरलेले: "करायचाय पुरा, वेळच होत नाही!"

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात त्याला हवामानही थोडे जबाबदार आहे. समुद्र जवळ असल्याने इथली थंडी डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळपुरतीच. गारवा जाणवला की विणणाऱ्याचे हात शिवशिवतात, लोकर आणली जाते, टाके घातले जातात. फेब्रुवारीत ऊन तापू लागले की मांडीवर लोकर नकोशी होते. पुढच्या डिसेंबरात दुकानात नवाच रंग खुणावतो. जव्हार-मोखाड्याकडे, डोंगरावर, थंडी जरा अधिक पडते. तिथे निदान झालेला स्वेटर अंगात तरी घातला जातो.

पण हवामानापेक्षा मोठे कारण साध्या अंकगणितात दडलेले आहे. समजा, तुमच्या आईने दोन स्वेटर घेतले आहेत आणि प्रत्येकाला ३० दिवसांचे काम आहे. एक दिवस हा, एक दिवस तो, असे विणले तर पहिला ५९ व्या दिवशी संपेल आणि दुसरा ६० व्या. आता पहिला संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही असे ठरवा. पहिला ३० व्या दिवशी तयार, दुसरा ६० व्या. दुसऱ्याचे नुकसान काहीच नाही, पहिला मात्र २९ दिवस आधी मिळाला! चार स्वेटरांचे गणित वहीत करून पाहा. आलटून पालटून विणल्यास ते ११७, ११८, ११९ आणि १२० व्या दिवशी संपतात. एकामागून एक विणल्यास ३०, ६०, ९० आणि १२० व्या दिवशी. श्रम तेवढेच, लोकर तेवढीच. आणि यात आपण कामे बदलताना वाया जाणारा वेळ धरलेलाच नाही. नक्षीच्या कितव्या ओळीवर होतो, हे आठवण्यातच अर्धी दुपार जाते.

विरार-डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाली. लोकलच्या प्रवासात विणणारी एखादी बाई तुम्ही पाहिली असेल. तिच्या पिशवीत एकच काम मावते. गर्दीने तिच्यावर लादलेली ही शिस्त गणिताच्या दृष्टीने अगदी बिनचूक आहे.

आधीच चार अर्धी कामे साठली असतील तर सुरुवात कुठून करावी? समजा एकाचे ५ दिवसांचे काम उरले आहे, दुसऱ्याचे १०, तिसऱ्याचे ३०. मोठे आधी घेतले तर ती ३०, ४० आणि ४५ व्या दिवशी संपतील. छोटे आधी घेतले तर ५, १५ आणि ४५ व्या. हा नियम कारखान्यांच्या कामांसाठी डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ साली सिद्ध केला. निकड कमी-जास्त असेल तर निकडीचा अंक उरलेल्या दिवसांनी भागायचा आणि भागाकार मोठा येईल ते काम आधी घ्यायचे. घरात बाळ येणार असेल तर त्याच्या टोपड्याचा नंबर कुठे लागेल, हे सांगायला नकोच.

जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली सिद्ध केलेला दुसरा नियमही इथे लागू पडतो. आत येणारी आणि बाहेर पडणारी कामे सरासरीने सारखी असतील, तर हाती असलेली कामे भागिले वर्षाला पुरी होणारी कामे, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. कपाटात ६ कामे आणि वर्षाला २ पुरी, म्हणजे प्रत्येकाला सरासरी ३ वर्षे. पाच वर्षांचे मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. तीन वर्षांत ते वीतभर मोठे होईल, स्वेटर मात्र तेवढाच राहील! हाती फक्त २ कामे ठेवली तर तोच काळ एका वर्षावर येतो. विणण्याचा वेग वाढवावा लागत नाही.

तारापूरच्या अणुवीजकेंद्रात एक गमतीदार गोष्ट आढळते. ५४० मेगावॉटच्या दोन जोड अणुभट्ट्यांपैकी क्रमांक ४ ची व्यापारी वीजनिर्मिती २००५ साली सुरू झाली आणि क्रमांक ३ ची २००६ साली. आकड्यांचा क्रम उलटला, पण एका भट्टीची वीज दुसरीसाठी थांबून राहिली नाही.

तुम्ही म्हणाल, अर्धवट काम मनाला टोचत नाही का? टोचते. ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये केलेले प्रयोग १९२७ साली प्रसिद्ध झाले. मध्येच थांबवलेली कामे लोकांना पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात, असे त्यांना दिसले. पुढे इतरांनी तसेच प्रयोग केले, तेव्हा दर वेळी हा निष्कर्ष निघाला नाही. त्यांच्याच सहकारी मारिया ओव्सियांकिना यांचे १९२८ चे निरीक्षण मात्र अधिक टिकाऊ ठरले: संधी मिळताच माणूस अर्धे सोडलेले काम आपणहून पुन्हा हाती घेतो. संधी मिळताच, हे शब्द महत्त्वाचे. तळच्या कप्प्यातल्या पिशवीला संधी कशी मिळणार? पिशवी डोळ्यांसमोर ठेवावी, आणि काम थांबवताना ओळीचा आकडा, सुईचा नंबर कागदावर लिहून टाचून ठेवावा.

थांबलेले काम सुरक्षित असते असेही नाही. गुंडा कमी पडला आणि दोन वर्षांनी नवा आणला, तर रंग जुळत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगांचे आणि कापडाचे कारखाने आहेत. तिथल्या कामगाराला विचारा. रंगाच्या पाण्याचे तापमान, वेळ किंवा रंगाचे प्रमाण किंचित बदलले तरी छटा बदलते. म्हणून तर वेष्टणावर लॉट नंबर छापतात. शिवाय अस्सल लोकर केराटिन या प्रथिनाची बनलेली असते आणि कसरीच्या अळ्या ते पचवू शकतात. अंधार, दमट हवा आणि न हलवलेली पिशवी, त्यांना आणखी काय हवे?

अर्थात बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारे बरेचसे सूत ॲक्रिलिकचे असते. शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत, चिमट्यात धरून अर्ध्या बोटाएवढा तुकडा जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. त्याचा धूर हुंगू नका.

आणि जो स्वेटर आता कोणालाच होणार नाही, त्याचे काय? तो उसवावा. विणकामात प्रत्येक फासा पुढच्या फाशाने अडवलेला असतो आणि फक्त शेवटच्या ओळीला सुईने तोलून धरलेले असते. सुई काढून धागा ओढला की एकेक फासा सुटत जातो आणि सलग सूत परत हाती येते. विणलेल्या कापडाचा हा मोठाच गुण. हातमागाच्या कापडातून असा एक धागा निघणार नाही. सूत वाकडेतिकडे दिसते, कारण केराटिनच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध त्या वळणात जुळलेले असतात. पाण्याने ते बंध सुटतात आणि सुकताना नव्या स्थितीत जुळतात. ओले केस विंचरून वाळवले की सरळ बसतात, तसेच. म्हणून सुताची सैल लड करून चार ठिकाणी बांधा, कोमट पाण्यात भिजवा, न पिळता पाणी निथळू द्या आणि खाली हलके वजन लावून सावलीत वाळत घाला. लड वाळली की गुंडा करा. पण नवे टाके घालण्यापूर्वी कपाटात आणखी किती सुया अडकून पडल्या आहेत, ते मोजून घ्या.