बोटीत बसलात? जरा खालीही बघा!

यॉट, मरिना म्हटलं की आपल्याला गोवा नाहीतर गेटवे आठवतं. पण आपल्या मावळातही बोटीचा प्रवास होता, आणि तो रीलसाठी नव्हता! जुन्या ट्रेकर्सना विचारा. तिकोना उतरायचा, पवनेच्या काठावर लाँच पकडायची आणि तुंगच्या बाजूला उतरायचं. रस्त्याचा मोठा वळसा वाचायचा.

आता त्याच काठावर टेंट, बार्बेक्यू आणि गिटार. मजा आहेच. पण ज्याला आपण ‘पवना लेक’ म्हणतो, ते धरण आहे. पिंपरी-चिंचवडच्या नळाला हेच पाणी येतं. त्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी घरं सोडली, जमिनी दिल्या. जुनं वाघेश्वर मंदिर आजही वर्षातले बरेच महिने पाण्यात असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचे दगड वर येतात.

म्हणजे खाली डोंगरउतार आहे, शेताचे बांध आहेत, गाळ आहे. खोली कुठे अचानक वाढेल, वरून कळतच नाही. इथे पोहायला उतरलेली आपल्याच वयाची मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेव्हा दोस्तांनो, लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत बसायचं नाही, आणि फोटोसाठी ते काढायचंही नाही. कचरा सोबत परत आणा. ते पाणी कुणाच्या तरी घरी प्यायलं जातं.