बेटाच्या दारावर पहारा

केरळच्या किनाऱ्यापासून दूर, अरबी समुद्रात लक्षद्वीप नावाची बेटे आहेत. बेटे एकंदर ३६. पण माणसांची वस्ती फक्त १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेत तिथे सुमारे ६४ हजार माणसे होती. नारळ आणि मासळी यांवर बहुतेकांचा संसार चालतो. केरळातल्या कोची बंदरातून आगबोटीने किंवा विमानाने तिथे जातात.

तिथे मोठे इस्पितळ नाही. दुखणे फार वाढले तर रोग्याला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागते. एका-दोघांना नेता येईल. पण एकदम शेकडो माणसे आजारी पडली तर कसे नेणार?

२०२० साली करोनाची साथ आली. देशातला पहिला रोगी ३० जानेवारीला केरळातच सापडला. आता रोग दारापर्यंत आला होता. तेव्हा लक्षद्वीपच्या कारभाऱ्यांनी कडक नियम केले. बाहेरच्या पाहुण्यांना येण्याची बंदी झाली. बेटावरच्या माणसाला घरी परतायचे असले तरी आधी कोचीला सात दिवस वेगळे राहावे लागे. मग तपासणी होई. रोग नाही असे दिसले तरच बोटीत जागा मिळे. बेटावर उतरल्यावरही काही दिवस घराबाहेर पडायचे नाही.

कोणी विचारील, "तपासणी केली ना? मग वेगळे कशाला ठेवायचे?"

प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर शेतकऱ्याला चटकन समजेल. आज पेरलेले बी आजच उगवत नाही. रोगाचेही तसेच. करोनाचा जंतू अंगात शिरला की ताप-खोकला यायला बहुधा पाच-सहा दिवस लागत. कधी चौदा दिवसही लागत. पहिल्या एक-दोन दिवसांत नाकातला नमुना तपासला तर जंतू सापडतोच असे नाही. तपासणी फक्त त्या दिवसाचे सांगते. पुढचे सांगायला दिवसच जावे लागतात. म्हणून तपासणीही हवी आणि थांबणेही हवे.

या नियमांमुळे २०२० चे सबंध वर्ष लक्षद्वीपमध्ये करोनाचा एकही रोगी निघाला नाही. पण लोकांचे हालही झाले. औषधपाणी, शिक्षण, व्यापार, सगळ्यासाठी कोचीला जावे लागे. डिसेंबरअखेर नियम सैल केले. ४८ तासांच्या आतला तपासणीचा दाखला असला की प्रवासाला मोकळीक मिळू लागली. पुढे १८ जानेवारी २०२१ रोजी बेटावर पहिला रोगी सापडला. मग रोग पसरत गेला. पुढे अकरा हजारांवर लोकांना तो झाला आणि पन्नासाच्या आसपास माणसे दगावली.

आता हे नियम उरले नाहीत. पण साथ पुन्हा येणारच नाही, असे कोण सांगेल? २०२० साली आपल्या गावांतही मुंबई-पुण्याहून आलेल्यांना शाळेत ठेवले होते. काही ठिकाणी लोक त्यांच्याशी चोरासारखे वागले. हे बरे नव्हे. वेगळा राहणारा माणूस गुन्हेगार नसतो. तो आपल्यासाठीच थांबलेला असतो.

म्हणून आम्ही सांगतो, साथीच्या दिवसांत बाहेरून आलेल्याने आपणहून वेगळे राहावे. आणि गावाने त्याच्या दाराशी जेवणाचा डबा वेळेवर पोचवावा, दुरून दोन गोड शब्द बोलावेत. पोटाची सोय झाली म्हणजे माणूस पळून जात नाही, आणि रोगही लपवीत नाही.