धीवराचा सूर आणि मारेची बंदूक

धीवर पक्षी पाण्यात सूर मारीत असताना, त्याच्या चोचीचे टोक पाण्याला टेकण्याच्या नेमक्या क्षणी, स्कॉटलंडमधील एका छायाचित्रकाराने टिपलेले छायाचित्र २०१५ साली जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले, तेव्हा चित्राइतकीच त्यामागच्या आकड्यांचीही वाखाणणी झाली: सहा वर्षांची तपश्चर्या आणि सुमारे ७ लाख २० हजार छायाचित्रे. चित्र अप्रतिम आहे यात संशय नाही. पक्षी आणि निश्चल पाण्यातील त्याचे प्रतिबिंब चोचीला चोच भिडवून उभे आहेत, आणि एक थेंबही अद्याप उडालेला नाही. परंतु बाद ठरलेल्या उरलेल्या लाखो चित्रांचे पुढे काय झाले असेल, ही रुखरुख मला ते चित्र पाहताना दर वेळी लागते.

एवढी चित्रे का लागावीत, याचा हिशेब सोपा आहे. पक्षी सेकंदाला १० मीटर वेगाने खाली येतो असे धरले, तर शेवटचा एक सेंटिमीटर तो सेकंदाच्या सहस्रांशात ओलांडतो. कॅमेरा सेकंदाला २० चित्रे घेत असेल, तर दोन चित्रांच्या दरम्यान पक्षी अर्धा मीटर पुढे सरकलेला असतो, म्हणजे सगळा सूर कॅमेऱ्यात सापडला तरी हवा तो सेंटिमीटर सापडण्याचा योग पन्नासांत एक. त्यातून डोळ्याने पाहणे आणि बोटाने कळ दाबणे यांत माणसाचा सुमारे पाव ते एक-पंचमांश सेकंद खर्ची पडतो, आणि तेवढ्यात पक्षी पाण्याखाली गेलेला असतो. अलीकडचे कॅमेरे कळ पूर्ण दाबण्यापूर्वीची चित्रेही राखून ठेवतात, त्यामुळे ही दुसरी अडचण पुष्कळशी हटली आहे. पहिली कायम आहे.

येथे मला एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाची आठवण होते. नाडीचे ठोके कागदावर रेखाटणारे यंत्र तयार करणाऱ्या या वैद्याला पक्ष्याच्या पंखाची गती जशीच्या तशी पाहावयाची होती, आणि त्यासाठी १८८२ साली त्याने चक्क एक बंदूक घडविली, जिच्या नळीत भिंग होते, गोळीच्या जागी फिरती काचपट्टी होती, आणि चाप ओढताच एका सेकंदात १२ चित्रे, प्रत्येकी सेकंदाच्या ७२० व्या भागात, उमटत असत. कल्पनेचे मूळ खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेनच्या ज्योतिषीय ‘पिस्तुला’त होते, १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण आपल्या देशात गुंटूर येथे पाहणारा तोच हा जान्सेन, आणि १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी त्याने ते पिस्तूल बनविले होते. नेपल्सजवळच्या पोझिलिपो येथे समुद्रपक्ष्यांवर बंदूक रोखणारा, आणि एकही पक्षी न पाडता समाधानाने घरी परतणारा हा गृहस्थ गावकऱ्यांना वेडा वाटला, असे सांगतात.

चलच्चित्रांचा इतिहास सांगताना छायाचित्रकार मायब्रिजच्या धावत्या घोड्यांचा उल्लेख कोणी टाळीत नाही. मात्र त्या घोड्यांचा मालक असलेल्या स्टॅनफर्डने त्याच्याकरवी ते प्रयोग करविले, त्यामागचे कुतूहल मारेच्याच ग्रंथाने चाळविले होते, हे क्वचितच सांगितले जाते. मला हा अन्याय वाटतो. मारेला एकुलता एक देखणा क्षण नको होता. त्या क्षणाच्या आधी काय घडले आणि नंतर काय, यांची अखंड मालिका त्याला हवी होती. पुढे त्याने काळ्या पार्श्वभूमीवर शुभ्र पक्षी उडवून त्यांच्या क्रमागत स्थिती एकाच काचेवर उमटविल्या, आणि त्यांवरून समुद्रपक्ष्याच्या उड्डाणाची ब्राँझमूर्तीही घडविली.

मासळी पकडणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तर या मालिकेचे मोल विशेषच आहे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातील मासळी असते त्याहून वर भासते. सरळ खाली पाहिले तर दिशा चुकत नाही, पण दृष्टी जितकी तिरपी तितकी फसगत अधिक. कोकणकिनाऱ्यावरही आढळणारा, करड्या आणि पांढऱ्या अशा दोन रूपांत वावरणारा समुद्रबगळा ही फसगत कशी निस्तरतो, याचा शोध गादी कात्झिर आणि नॅथन इंट्रेटर यांनी त्याच्या हालचालींच्या चित्रणावरून घेतला आणि १८८२ च्या बंदुकीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९८७ साली, तो प्रसिद्ध केला. झडप घालण्याच्या क्षणी बगळ्याचा डोळा अशा ठिकाणी असतो, की मासळीची भासमान खोली आणि खरी खोली यांत एक ठरावीक नाते राहते. म्हणजे सारे कौशल्य चोच पाण्यात शिरण्यापूर्वीच पणाला लागलेले असते, आणि आपल्या भिंतींवर टांगलेल्या चित्रांत नेमके तेच दिसत नाही. फैसल्याची शेवटची ओळ जपावी आणि साक्षीदारांच्या जबान्या जाळून टाकाव्यात, तसा हा प्रकार आहे.

पाण्यात जिवंत मासळीचे भांडे बुडवून ठेवून हुकमी सूर टिपण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे, तिच्याविषयी माझे मत यामुळेच प्रतिकूल आहे. तेथे खोली, जागा आणि कोन माणसाने मुक्रर केलेले असतात. पक्ष्याने स्वतः केलेली निवड चित्रातून नाहीशी होते.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या परिसरात, हिवाळ्यात पहाटेच होड्या निघतात. नदी सुरय तेथे चोचीने मासळी उचलतो. ऑस्प्रे, म्हणजे आपला कैकर, पाय पुढे करून पाण्यावर आदळतो. पावसाळ्यानंतर भरलेले ते पाणी उन्हाळ्याकडे उतरत जाते. त्या उताराबरोबर कैकर किती उंचीवरून, कोणत्या कोनाने झेपावतो आणि कितव्या झेपेला यशस्वी होतो, याचा दाखला देऊ शकणारी चित्रे कितीतरी कॅमेऱ्यांत दर हंगामी जमा होतात. प्रत्येक चित्राबरोबर तारीख आणि वेळही आपोआप नोंदली जाते. संध्याकाळी खोलीवर परतल्यावर, पंजे रिकामे दिसतात एवढ्याच कारणास्तव, त्यांतली बहुतेक पुसून टाकली जातात.