आउटपुट अडतं कुठे?

स्क्रिप्ट चालू आहे, पण लॉग फाइल रिकामी. अशा वेळी ‘स्क्रिप्ट हँग झाली’, ‘पाइप तुंबला’, ‘डिस्क मंद आहे’ अशी निदानं होतात आणि ती बहुतेकदा चुकतात. मजकूर अजून प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेमरीतच असतो. सी भाषेची स्टँडर्ड लायब्ररी आउटपुट कुठे जातंय ते आधी पाहते: समोर टर्मिनल असेल तर ओळ संपताच ती सोडते, पाइप किंवा फाइल असेल तर बफर भरेपर्यंत थांबते. स्टँडर्ड एररला असं थांबवलं जात नाही, म्हणून एरर आधी दिसते आणि तिच्या आधीची ओळ मागाहून येते. पाइप बिचारा निर्दोष असतो. त्यात पडलेला बाइट वाचणाऱ्याला लगेच मिळतो. ‘सिंक’ चालवूनही उपयोग नाही, कारण मजकूर कर्नलपर्यंत पोचलेलाच नसतो. आणि ‘किल -९’ दिलं, तर बफरमधला मजकूर, म्हणजे नेमका हवा असलेला पुरावा, कायमचा जातो.

‘टेल -एफ’चं आउटपुट ग्रेपला दिलं की जुळणाऱ्या ओळी स्क्रीनवर झटपट येतात. त्यापुढे ‘कट’ जोडला की सगळं गप्प. दोष टेलला दिला जातो, पण बदललंय ते ग्रेपचं वागणं: त्याच्यापुढे आता टर्मिनल नाही, पाइप आहे. लिनक्सवर असा बफर बहुधा ४०९६ बाइटचा असतो. ८० बाइटच्या पन्नासेक ओळी साठल्याशिवाय काहीच सुटत नाही. ‘एसट्रेस’ लावून ‘राइट’ कॉल पाहिले की हे गठ्ठे स्वच्छ दिसतात. अंदाज बांधण्याआधी एवढं तरी पाहावंच. इथे ग्रेपला ‘--लाइन-बफर्ड’ दिलं की काम होतं.

मग बफरिंग सरसकट बंदच का करू नये? कारण मग प्रत्येक ओळीला एक सिस्टिम कॉल पडतो. लाखो ओळींच्या कामात हा खर्च जाणवतो. जिथे आउटपुट कुणी बघत बसलंय तिथेच बफरिंग बंद करणं शहाणपणाचं. ‘एसटीडीबफ -ओएल’ सगळीकडे चालतं, हाही भ्रमच. ते सी लायब्ररीच्या बफरवर चालतं. पायथन ३ स्वतःचा बफर ठेवतो, त्याला ‘-यू’ किंवा कोडमध्ये ‘फ्लश’ लागतो. स्टॅटिक लिंक केलेल्या प्रोग्रॅमवरही ‘एसटीडीबफ’चा परिणाम होत नाही. तिथे ‘अनबफर’ कामी येतं, कारण ते प्रोग्रॅमपुढे आभासी टर्मिनलच उभं करतं. एमऑक तर येणारं इनपुटही साठवून ठेवतो. त्याला ‘-डब्ल्यू इंटरॅक्टिव्ह’ सांगावं लागतं.