पेजच्या आतलं स्क्रोलिंग कोडने कसं आवरायचं? बोट एका ठिकाणी, सरकतं भलतंच!

मोबाईलवर फॉर्म भरताना हा अनुभव तुम्हाला नक्की आला असेल. तालुक्यांची यादी उघडली, खाली खाली सरकवत गेलात, यादी संपली आणि अचानक मागचं पेजच सरकायला लागलं. किंवा पॉपअपमधल्या अटी वाचताय, पण बोटाखाली हलतंय ते मागचं पेज. आपल्याला वाटतं मोबाईल हँग होतोय किंवा नेट स्लो आहे. खरं तर बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. पेज बनवणाऱ्याने चार-पाच ओळींचा कोड लिहायचा राहिलेला असतो.

आजच्या लेखात आपण तेच बघणार आहोत: वेब पेजच्या आतल्या एखाद्या भागाचं स्क्रोलिंग कोडने कसं ताब्यात ठेवायचं. थोडं एचटीएमएल आणि सीएसएस येत असेल तर आजच करून बघता येईल. येत नसेल तरी वाचा, कारण फॉर्म भरणाऱ्यांच्या कामाच्या गोष्टीही यात आहेत. कोडमधले शब्द मी इथे देवनागरीत देतोय, टाईप करताना मात्र ते इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिहायचे.

स्क्रोल नक्की काय होतं?

एक खिडकी डोळ्यासमोर आणा. खिडकीच्या मागे एक लांब कागद आहे. खिडकी जागेवरच राहते, कागद वर-खाली सरकतो आणि आपल्याला त्याचा तेवढाच तुकडा दिसतो. स्क्रोलिंग म्हणजे एवढंच.

मोबाईलची स्क्रीन ही सगळ्यात मोठी खिडकी आणि पूर्ण पेज हा तिच्यामागचा कागद. पण त्याच पेजवर आपण छोट्या खिडक्याही बनवू शकतो. चॅटचा डबा, गावांची यादी, आडवं सरकणारं टाईमटेबल ही सगळी त्याचीच उदाहरणं. गंमत आणि गोंधळ दोन्ही इथूनच सुरू होतात, कारण आता एकाच बोटाला दोन खिडक्या उत्तर देतात.

सरकणारा डबा बनवायचा कसा?

दोन गोष्टी लागतात. पहिली, डब्याला उंचीची मर्यादा: मॅक्स-हाईट ३०० पिक्सेल. दुसरी, मजकूर मावला नाही तर काय करायचं हे सांगणारा नियम: ओव्हरफ्लो-वाय. त्याच्या मुख्य किमती अशा:

- व्हिजिबल: काहीच सांगितलं नाही तर हीच असते. मजकूर डब्याबाहेर सांडतो आणि खालच्या मजकुरावर चढतो.
- हिडन: जास्तीचा मजकूर कापल्यासारखा लपतो. बोटाने सरकत नाही, पण कोडने सरकवता येतो.
- स्क्रोल: डबा सरकतो. कॉम्प्युटरवर गरज नसतानाही स्क्रोलबारची जागा दिसू शकते.
- ऑटो: मजकूर जास्त असेल तरच सरकतो. रोजच्या कामाला हीच वापरा.

"ऑटो लिहिलं तरी सरकत नाही" ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. आधी उंची तपासा. मर्यादाच नसेल तर डबा मजकुराएवढा मोठा होतो, मग सरकवायला उरतं काय? उंची टक्क्यांत दिली असेल तर बाहेरच्या डब्याला ठरलेली उंची आहे ना, ते बघा. आणि डबा उभ्या फ्लेक्सबॉक्सच्या आत असेल तर त्याला मिन-हाईट शून्य द्या. फ्लेक्सबॉक्समधला घटक आपल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला सहसा तयार नसतो. पण त्याच्या बाहेरच्या एखाद्या डब्यामुळे तो अडला असेल, तर मिन-हाईट त्या बाहेरच्या डब्याला द्यावी लागते.

स्क्रोलची साखळी आणि कोरा झालेला फॉर्म

आता मुख्य मुद्दा. आतला डबा टोकाला पोचला की ब्राउझर उरलेली ओढ बाहेरच्या खिडकीकडे देतो. याला स्क्रोल चेनिंग म्हणतात. लेख वाचताना मध्ये छोटा डबा आला तर हे सोयीचंच असतं, नाहीतर बोट तिथेच अडकून बसलं असतं. पण पॉपअपमध्ये तीच सोय अंगलट येते.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सांगतो. स्कॉलरशिपचा ऑनलाईन फॉर्म, शेवटचा दिवस, रात्रीची वेळ. तिसऱ्या स्टेपला कॉलेजची यादी पॉपअपमध्ये उघडायची. तिचं कॉलेज यादीत वरच होतं, म्हणून तिने यादी वर आणायला बोट खाली ओढलं. यादी आधीच वरच्या टोकाला होती, मागचं पेजही वरच होतं. म्हणजे ओढ थेट ब्राउझरपर्यंत पोचली. गोल बाण फिरला, पेज रिफ्रेश झालं आणि तिन्ही स्टेप कोऱ्या! मार्क, बँकेचा तपशील, उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर, सगळं पुन्हा. दुसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा ती म्हणाली, "दादा, मी काय चुकीचं दाबतेय?" ती काहीच चुकीचं दाबत नव्हती. तिसऱ्या वेळी मी तिला यादीत बोट खाली ओढूच नको म्हटलं, पॉपअप बंद करून परत उघडायला लावलं, तेव्हा कुठे मुदत संपायच्या आत फॉर्म गेला.

ओढून रिफ्रेश करायची ही पद्धत लॉरेन ब्रिक्टर या डेव्हलपरच्या ट्वीटी या ॲपमुळे लोकप्रिय झाली. नवे ट्वीट बघायला ती मस्तच होती. पण ब्राउझरमध्ये रिफ्रेश म्हणजे पेज नव्याने लोड होणं, आणि फॉर्मची माहिती फक्त त्या पेजच्या मेमरीत असेल तर ती गेलीच समजा.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. यादीच्या डब्याला ओव्हरस्क्रोल-बिहेव्हियर: कंटेन हा नियम द्या. याचा अर्थ, "टोकाला पोचलास तरी ओढ बाहेर देऊ नकोस." हा नियम क्रोममध्ये २०१७ पासून, फायरफॉक्समध्ये २०१८ पासून आणि सफारीमध्ये २०२२ पासून चालतो.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. यादी लहान असेल आणि मुळात सरकतच नसेल, तर अनेक ब्राउझरमध्ये हा नियम तिच्यावर लागू होत नाही आणि ओढ बाहेर जाते. म्हणून लांबलचक फॉर्मच्या पेजवर मी एचटीएमएल या मुख्य टॅगलाही ओव्हरस्क्रोल-बिहेव्हियर-वाय: कंटेन देतो. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये त्यामुळे ओढून रिफ्रेश होणं त्या पेजपुरतं बंद होतं. बातम्यांच्या पेजवर हे करू नका, तिथे लोकांना ती सवय हवी असते.

दुसरी खबरदारी: भरलेली माहिती सेशन स्टोरेजमध्ये ठेवत जा. रिफ्रेश झालं तरी ती त्या टॅबमध्ये टिकते आणि कोडने पुन्हा फॉर्ममध्ये भरता येते. पासवर्ड, आधार नंबर, बँक खातं अशा गोष्टी मात्र तिथे ठेवू नका. त्यांच्यासाठी सर्व्हरवर ड्राफ्ट सेव्ह करायची सोय हवी.

पॉपअप उघडा असताना मागचं पेज थांबवा

पॉपअप उघडला की बॉडीला ओव्हरफ्लो: हिडन द्या, बंद झाला की काढून टाका. डायलॉग टॅग वापरत असाल तरी हे लागतं. तो मागची बटणं बंद करतो, मागचं स्क्रोलिंग आपोआप थांबवत नाही.

जुन्या आयफोनवर एवढ्याने भागत नाही. तिथे आधी पेज किती सरकलंय तो आकडा लिहून ठेवायचा, बॉडी पोझिशन: फिक्स्ड करायची आणि पॉपअप बंद झाल्यावर पेज परत त्याच आकड्यावर आणायचं. आकडा ठेवला नाही तर पेज एकदम वर उडी मारतं आणि वाचणाऱ्याला आपली जागा पुन्हा शोधावी लागते.

पॉपअपची उंची १०० व्हीएच देऊ नका. मोबाईलवर ब्राउझरचा ॲड्रेसबार कधी दिसतो, कधी लपतो. व्हीएच हे माप तो लपलेला आहे असं धरून चालतं. त्यामुळे बार दिसत असताना सगळ्यात खालचं सबमिट बटन स्क्रीनच्या बाहेर जातं. १०० डीव्हीएच द्या, ते बारनुसार बदलतं.

जावास्क्रिप्टने सरकवायचं असेल तर

तीन आकडे समजले की निम्मं काम झालं. स्क्रोल हाईट म्हणजे पूर्ण कागदाची उंची. क्लायंट हाईट म्हणजे खिडकीची उंची. स्क्रोल टॉप म्हणजे कागद किती वर सरकलाय. कागद १२०० पिक्सेलचा आणि खिडकी ३०० ची असेल तर स्क्रोल टॉप जास्तीत जास्त ९०० होईल. म्हणजे टोकाला पोचल्यावर स्क्रोल टॉप अधिक क्लायंट हाईट बरोबर स्क्रोल हाईट. सोपं आहे ना?

पण यात "बरोबर" या चिन्हावर विसंबू नका. स्क्रोल टॉप दशांशातही असू शकतो, बाकीचे दोन आकडे पूर्णांकात येतात. एखाद्या फोनवर तो ८९९.५ वर थांबला तर बेरीज ११९९.५ होते आणि अट कधीच पूर्ण होत नाही. "अटी शेवटपर्यंत वाचा, मगच पुढे जा" असं बटन काही फोनवर उघडतच नाही, त्याचं एक कारण हे असतं. म्हणून फरक १ किंवा त्याहून कमी आहे का, असं तपासा.

चॅटचा डबा बनवत असाल तर नवा मेसेज आला की स्क्रोल टॉपला स्क्रोल हाईटची किंमत दिली की डबा खाली जातो. मात्र मेसेज टाकायच्या आधी बघा की माणूस तळाशी आहे का. तो वर जाऊन जुना मेसेज वाचत असेल तर त्याला खाली ओढू नका, "नवीन मेसेज" असं छोटं बटन दाखवा.

एखादी चुकलेली रकाना दाखवायला स्क्रोल इनटू व्ह्यू वापरतात. हा आदेश फक्त आतला डबा नाही, गरज पडली तर बाहेरचं पेजही सरकवतो. ब्लॉक: निअरेस्ट दिलंत तर लागेल तेवढंच सरकतं. वर चिकटलेला हेडर रकाना झाकत असेल तर सरकणाऱ्या डब्याला, पूर्ण पेज सरकत असेल तर एचटीएमएल टॅगला, हेडरच्या उंचीएवढं स्क्रोल-पॅडिंग-टॉप द्या.

ताबा ठेवा, पण बोट हिसकावू नका

काही जण टचमूव्ह पकडून प्रिव्हेंट डीफॉल्टने स्क्रोलिंगच बंद करतात. यात दोन तोटे आहेत. एक, तुमचा कोड "थांब" म्हणतोय की नाही याची ब्राउझरला वाट बघावी लागते आणि स्वस्त फोनवर पेज अडखळतं. दोन, याच कारणासाठी २०१७ मध्ये क्रोमने विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे टच लिसनर आपोआप पॅसिव्ह धरायला सुरुवात केली, म्हणजे तिथे प्रिव्हेंट डीफॉल्ट चालतच नाही. जे काम सीएसएसने होतंय ते सीएसएसनेच करा.

स्मूथ स्क्रोलिंग छान दिसतं, पण काहींना त्याने गरगरतं. असे लोक फोनच्या सेटिंगमध्ये ॲनिमेशन कमी करून ठेवतात. प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन ही मीडिया क्वेरी वापरून त्यांची निवड पाळा. कीबोर्डने पेज वापरणाऱ्यांसाठी सरकणाऱ्या डब्याला टॅब-इंडेक्स शून्य आणि एक नावही द्या, म्हणजे बाण दाबून तो सरकवता येतो.

कोड येत नसेल तर?

- फॉर्मच्या पॉपअप यादीत सर्च असेल तर नाव टाईप करा, ओढाओढ टाळा.
- यादी वरच्या टोकाला असताना बोट जोरात खाली ओढू नका. गोल बाण दिसला तर बोट न उचलता परत वर न्या, रिफ्रेश रद्द होतं.
- ड्राफ्ट सेव्ह करायचं बटन असेल तर प्रत्येक स्टेपनंतर दाबा.
- मोठी उत्तरं आधी नोट्समध्ये लिहा, मग फॉर्ममध्ये पेस्ट करा.

आणि कोड लिहीत असाल तर आज एक काम करा. ४० ओळींची एक यादी बनवा, तिला मॅक्स-हाईट आणि ओव्हरफ्लो-वाय द्या, आपल्याच फोनवर उघडा आणि टोकाला पोचल्यावरही ओढत राहा. मग ओव्हरस्क्रोल-बिहेव्हियरची ओळ टाकून पुन्हा ओढा. फरक बोटाला लगेच कळेल. ओढून रिफ्रेश होणं कॉम्प्युटरच्या माऊसवर तपासून समजत नाही. शक्य असेल तर घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवरही बघा, कारण शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता फॉर्म भरणाऱ्याच्या हातात बहुतेक तसलाच फोन असतो.