परक्यांच्या वह्यांतल्या कोल्हापूरच्या बायका

ताहितीसारख्या बेटांवरची बाई पाश्चात्य लेखकांनी फुलांत आणि पाण्यात रंगवली. १८४६ मध्ये हर्मन मेलव्हिलनं, १८८० मध्ये पिएर लोतीनं. त्याच शतकात आपल्या कोल्हापूरच्या बायकाही गोऱ्यांच्या वह्यांत उतरत होत्या, पण त्यांच्या वाट्याला फुलं आली नाहीत.

१८८६ चं कोल्हापूर गॅझेटियर उघडावं. दुसऱ्या संभाजीराजांनंतर, १७६० पासून १७७३ पर्यंत त्यांच्या राणी जिजाबाईंनी कारभार हाकला. कोल्हापूर गिळायला निघालेल्या पेशव्यांना दत्तक मान्य करायला लावून गादी राखली. हे गॅझेटियरमध्ये आहेच. पण वाचणाऱ्याच्या मनात ठसतात ते त्यांच्या काळात पन्हाळ्यावर कालीला दिलेले नरबळी. बळी दिलेच गेले नाहीत, असं मी म्हणत नाही. बळी गेलेल्या गंगू तेलिणीची कथा गडावर आजही सांगतात. पण एवढ्या मोठ्या राजकारणी बाईची ओळख त्या एका काळोख्या गोष्टीवर संपावी, हे मला सलतं.

याहून वेगळं लिहिलं ते फॅनी पार्क्स या इंग्रज बाईनं. कागलच्या घाटग्यांची लेक बायजाबाई शिंदे ग्वाल्हेरची सत्ता गमावून फतेहगडला राहत होत्या. १८३५ मध्ये फॅनी त्यांना भेटली. तिला हिंदुस्तानी येत होतं, म्हणून ती जनान्यात बसून बोलू शकली. बायजाबाईंनी तरुणपणी लढाईत घोडा कसा फेकला, ते तिनं ऐकलं. घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसायची इंग्रजी रीत मराठा बायकांना विचित्र वाटली. मग फॅनीच त्यांच्यासारखी मांड टाकून बसली. इंग्लंडचा कायदा विवाहितेला कसा जाचतो, यावरही दोघी बोलल्या. १८५० मध्ये छापलेल्या तिच्या प्रवासवर्णनात बायजाबाई प्रश्न विचारतात. बाकीच्यांच्या लिखाणात बाई प्रश्न विचारताना क्वचितच दिसते.

पुढच्या शतकातलं, १९५३ चं ई. एम. फॉर्स्टरचं ‘द हिल ऑफ देवी’ देवास संस्थानाबद्दल आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या अक्कासाहेब तिथं दिल्या होत्या. १९२१ मध्ये फॉर्स्टर त्यांच्या पतीचा, देवासच्या तुकोजीरावांचा, खासगी सचिव झाला, तोवर त्या माहेरी परतल्या होत्या. त्यामुळे मोडलेल्या संसाराची हकिगत नवऱ्याच्या मित्राच्या लेखणीतून जगभर गेली.

अक्कासाहेबांची बाजू इथल्या कुणीतरी मांडायला हवी. शाहूकाळाचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. सुरुवात तिथून करता येईल.