वायंडिंगच्या दुकानातला दिवस

पहाटे ५.३०

"मामा, मोटार घुमायली, पण पाणी येईना." एवढ्या एका वाक्यात निदान होतं. डीपीवरचा एक फ्यूज गेला असणार, मोटार दोन फेजवर ओढत राहिली असणार. "बंद केली का?" असं विचारलं तर पलीकडे शांतता. म्हणजे जळाली. या आठवड्यात शेतीच्या लाईनची पाळी रात्रीची आहे. मृग कोरडा गेला, हळदीचे बेणे नुकतेच लावलेले, त्यामुळे शेतकरी स्टार्टरला ऑटो लावून घरी झोपतो आणि रात्री काय झालं ते त्याला पहाटे कळतं.

६.१५

विहिरीवर घोडी उभी केली, चेनपुली अडकवली. माझ्याआधी माझ्या हाताखाली काम शिकणारा पोरगा येऊन थांबला होता. यंदा तो बारावी कला शाखेतून पास झाला. गेले दोन उन्हाळे तो माझ्याकडे येतोय, पाईप सोडवताना पान्याची पकड आता बरोबर घेतो. शेतकरी वरून सारखा विचारत होता, आज मिळंल का. लगेच मिळणार नाही, पण रात्रीपर्यंत मिळेल, असं सांगून मोटार गाडीत टाकली.

८.४५

चुडाव्याला रेल्वे स्थानक आहे, हीच आमच्या गावाची मोठी सोय. एका बाजूला पूर्णा जंक्शन, दुसऱ्या बाजूला नांदेड. सकाळच्या गाडीने कॉलेजची पोरं दोन्ही दिशांना जातात. पूर्णेच्या श्री गुरु बुद्धिस्वामी महाविद्यालयात किंवा नांदेडच्या कॉलेजांत. ही सगळी कॉलेजं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ला, मुक्तिसंग्राम दिनी सुरू झालं. त्याआधी आमच्या भागाचं विद्यापीठ औरंगाबादला होतं. घरच्या भाकरीवर राहून पदवी मिळते ही आमच्यासारख्यांच्या घरात लहान गोष्ट नाही. नवीन पोरांना 'बीए करून काय होतं' असं उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. घरातला पहिला पदवीधर झाल्यावर त्या घरात अर्ज वाचता येतो, कोर्टाची नोटीस वाचता येते, कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही.

पण आज दुकान उघडल्यावर पोराच्या वडिलांचा निरोप आला: बीएचा फॉर्म भरायचा, आजच.

९.३०

स्टेटर उघडला. दोन फेजच्या कॉइल काळ्या ठिक्कर, तिसरी अजून लालसर तांब्याची.

"कनेक्शन कोणतं असंल?"

"स्टार," पोरगा म्हणाला. "डेल्टा असतं तर एकच जळाली असती."

बरोबर. जुनी तार तोडायच्या आधी वहीत नोंदी घ्यायच्या: स्लॉट २४, एका कॉइलचे वेढे किती, तारेचा गेज किती, कॉइलची झेप कितीची. मग हिशेब. दोन पोलची मोटार, तीन फेज. २४ला ६ने भागलं की एका पोलवर एका फेजला ४ स्लॉट. ३६० अंश २४ स्लॉटांत वाटले की प्रत्येक स्लॉट १५ अंशांचा. फेजमध्ये १२० अंशांचं अंतर हवं, म्हणजे ८ स्लॉट. पहिली फेज १ पासून सुरू झाली तर दुसरी ९ पासून, तिसरी १७ पासून. दहावीला गणितात काठावर पास झालेलं हे पोरगं आता हे तोंडी सांगतं. त्याला गणित येत नव्हतं असं मला कधी वाटलंच नाही. कोन कशासाठी मोजायचा हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं.

११.००

पलीकडच्या वस्तीवरची एक मुलगी वडिलांबरोबर आली. दहावीला चांगले मार्क. वडिलांचा प्रश्न तोच, जो जून महिन्यात या दुकानात मोटारींइतकाच येतो: "दादा, आयटीआय चांगलं का अकरावी सायन्स?"

मी तिला विचारलं, हातात टेस्टर धरायला भीती वाटते का? ती म्हणाली, "घरचा फ्यूज मीच बांधते."

मग मी समजावून सांगितलं. वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तो झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून पुढे इंजिनिअरिंगलाही. म्हणजे दार बंद होत नाही. ही गोष्ट गावात दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसते. आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं असं धरून चालतात आणि हुशार पोरांना तिकडे पाठवत नाहीत. सायन्सला जाऊन नांदेडला क्लास लावायचे तर घराला पैसा लागतो, आणि क्लास झेपले नाहीत तर बारावीनंतर पुन्हा याच फाट्यावर यावं लागतं. तिला सायन्स आवडत असेल, घर पैसा उभा करू शकत असेल, तर खुशाल जावं. नुसतं शेजारचा गेला म्हणून जाऊ नये. वडील म्हणाले, "मुलीची जात, वर्कशॉपमध्ये कसं करायचं?" मी म्हणालो, मुलींसाठी जागा राखीव आहेत, माझ्यापेक्षा मुलीला विचारा. ती खाली न बघता माझ्याकडे बघत होती. यावर निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा.

दुपारी १.००

डबा. पोरगा आणि मी एकत्र जेवतो. आज त्याने विषय काढला.

"मामा, मी इथंच राहिलो तर?"

माझ्याकडे तो दोन-तीन वर्षांत पूर्ण कारागीर होईल यात मला शंका नाही. पण मी त्याला कागद देऊ शकत नाही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा. त्यातल्या २०१९च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चारपासून पुढे असतील तर ते ऐच्छिक. माझ्या दुकानात मी आणि तो. कायद्याच्या नजरेत माझं दुकान शिकवण्याची जागाच नाही. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ला आली. त्यात १८ व्यवसाय आहेत, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी. मोटार बांधणारा त्यात नाही.

कागद कशासाठी लागतो तेही त्याला सांगितलं. महावितरणने विद्युत सहायकाच्या ५३४७ जागांची जाहिरात काढली होती. त्यासाठी वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र हवं. माझ्याकडे शिकलेला पोरगा हातात कौशल्य असूनही तो अर्ज भरू शकत नव्हता. बीए झालेलाही भरू शकत नव्हता. रेल्वेचंही तसंच. पूर्णेची रेल्वे वसाहत मीटरगेजच्या काळापासूनची. आमच्या मागच्या पिढीचं स्वप्न 'रेल्वेत चिकटणं' एवढंच होतं. आज रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल एकच्या भरतीत २० टक्के जागा ठेवलेल्या असतात. तिथंही आयटीआयचं प्रमाणपत्र आधी, मग बाकी.

तो बराच वेळ भाकरी मोडत बसला.

२.३०

नवीन कॉइल भरणं. पाण्यात चालणाऱ्या मोटारीला प्लास्टिकचं वेष्टन असलेली तार लागते. ती स्लॉटमधून ओढताना एकदा जरी खरचटली तरी महिन्याभरात मोटार परत येते. घाई करता येत नाही. हे काम मी त्याच्याकडून करून घेतो आणि बोलत नाही.

४.००

वाळूजला कंपनीत शिकाऊ उमेदवारी करणाऱ्या गावच्याच एकाचा फोन. मी स्पीकर लावला, पोराने ऐकावं म्हणून. आयटीआय झालेल्याला २०१९च्या नियमांनी किमान विद्यावेतन महिना ७००० ठरलं. खोलीचं भाडं, मेस, जाणं-येणं यात ते संपतं, घरून मागवावं लागतं. तो कुरकुरला नाही, पण लपवलंही नाही. "पॅनलवर काम मिळतं का नुसतं पेट्या उचलायला लावतात?" मी विचारलं. म्हणाला, पहिले दोन महिने पेट्याच, आता पॅनल.

बीए आणि शिकाऊ उमेदवारी यांत निवड करताना लोक नोकरीचा हिशेब मांडतात. घरात मात्र वेगळाच हिशेब चालतो. बीए करणारा पोरगा संध्याकाळच्या गाडीने घरी येतो, सोयाबीन काढायला हाताशी असतो, म्हाताऱ्याला दवाखान्यात नेतो. शिकाऊ उमेदवार घरातून जातो, आणि वर्षभर त्याच्या मागे घरातून पैसेही जातात. मजूर लावावा लागतो तो वेगळाच. म्हणून फॉर्म बीएचा भरला जातो. त्या बापाला अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. विद्यावेतन एवढं असावं की पोराला घरून काही मागावं लागू नये; हे झालं असतं तर आमच्या गावातले निम्मे फॉर्म वेगळे भरले गेले असते असं माझं मत आहे.

५.३०

सौर पंपाचा कंट्रोलर घेऊन एक जण आला. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आल्यापासून शिवारात पाट्या वाढल्या. या पंपांपैकी काहींना माझी जुनी विद्या लागू पडते, काहींना नाही. कंट्रोलरच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि ते मला फक्त वरवर कळतं. वॉरंटीत आहे, कंपनीकडे तक्रार नोंदवा, असं सांगून त्याच्या फोनवर तक्रार नोंदवून दिली.

पोराला म्हणालो, बघ, माझा धंदा हा असा बदलतोय. मी आयटीआय केलं तेव्हा हे नव्हतं. तुझ्या उमेदीच्या वर्षांत निम्म्या विहिरींवर पाट्या असतील. हात चांगला आहे तुझा, पण पुस्तक टाळून पुढं जाता येणार नाही. इंग्रजीतलं मॅन्युअल वाचता आलं पाहिजे. ज्यांना वाटतं की हुनर म्हणजे अभ्यासातून सुटका, त्यांनी एकदा या कंट्रोलरचं झाकण उघडून बघावं.

७.००

सिरीज लॅम्प लावला, मग मेगर. तिन्ही फेज सारख्या. पाण्याच्या टाकीत मोटार सोडून चालवली, टाँग टेस्टरवर तिन्ही तारांचा करंट जवळपास एकच. पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला त्याचं काय करायचं याची काळजी आणखी वाढली.

८.१५

त्याचे वडील दुकानात आले. बसले, चहा घेतला. म्हणाले, "बीए केलं तर पोरगी देताना लोक विचारत नाहीत." हे खरं आहे, मी वाद घातला नाही. फक्त एवढं म्हणालो की यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून नाशिकला आहे; काम करता करता घरी बसून बीए करता येतं. आयटीआय मात्र घरी बसून होत नाही. म्हणजे जे नंतर करता येतं ते नंतर, जे आत्ताच करावं लागतं ते आत्ता. तालुक्याची सरकारी आयटीआय पूर्णेलाच आहे. दोन वर्षं पोरगा संध्याकाळच्या गाडीने घरीच येईल, सोयाबीनला हाताशी असेल. बाहेर राहण्याचा प्रश्न उमेदवारीच्या वर्षाचा, त्याला अजून दोन वर्षं आहेत.

ते हिशेब करत राहिले. शेवटी विचारलं, "मग त्या वर्षी खर्चाचं?"

त्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नव्हतं. सुट्टीत तो माझ्याकडे काम करील, त्याचे पैसे मी त्याच्या नावावर बाजूला ठेवीन, हे मी कबूल केलं.

९.००

विहिरीवर मोटार सोडायला निघायच्या आधी फोनवरच आयटीआयचा फॉर्म उघडला. पसंतीक्रम: पहिला वीजतंत्री, पूर्णा. दुसरा तारतंत्री, पूर्णा. तिसरा वीजतंत्री, नांदेड. बीएचा फॉर्मही वडिलांच्या इच्छेप्रमाणे भरून ठेवला. यादी लागेपर्यंत दोन्ही राहतील. जातीचा दाखला घरी आहे, नॉन-क्रिमिलेअरची मुदत संपलीय. पोराला सांगितलं, उद्या दुकानात यायचं नाही, सकाळच्या पहिल्या गाडीने पूर्णेला जायचं आणि तहसीलचं काम उरकून मगच यायचं.